अकरा शिक्के

"अर्ज कुठाय? आणि अर्जावर अकरा शिक्के कुठायत?" करंजगडचे दफ्तरदार अंताजीपंत खेकसले, आणि भिवा पुन्हा एकदा मान खाली घालून घरी परतला.

झालं होतं असं, की नऊ वर्षांपूर्वी भिवानं राजाच्या बागेतला एक फणस पळवला होता. फणस काही पोटात गेला नाही, पण बारा फटके मिळाले आणि नाव गुन्हेगारांच्या वहीत गेलं! आता त्याच बागेला माळी हवा होता. झाडांचं भिवाइतकं गावात कोणाला कळत होतं? पण वहीत नाव, म्हणजे दरबारची चाकरी बंद. सात वर्षं सरळ वागलेल्याला माफी देऊन त्याचं नाव काढावं, असा कायदा होता खरा. पण त्यासाठी अर्ज हवा, आणि अर्जावर अकरा शिक्के! कोतवाल म्हणे आधी पाटलाचा आण, पाटील म्हणे आधी कोतवालाचा आण. आणि ज्या शिपायानं पकडलं होतं, तो तर कधीच देवाघरी गेलेला. त्याचा शिक्का आणायचा कुठून, कपाळ?

भिवाची बायको सगुणा दफ्तरखान्यात झाडलोट करायची. नवऱ्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. महाराज दफ्तर बघायला आले, तशी ती केरसुणी टाकून पुढे झाली.

"महाराज, कायदा तुमचा, माफी तुमची, मग हेलपाटे तेवढे आमचे का?"

"अगं, वहीत तीन हजार नावं आहेत!" महाराज म्हणाले. "आपोआप उडायला ती काय चिमण्या आहेत?"

"उडवून दाखवते!"

महाराज पडले हट्टी. "असं? मग ऐक! पाडव्यापर्यंत माफीतलं एकूण एक नाव गेलं पाहिजे. कोणी अर्ज करायचा नाही, वहीवर रेघ मारायची नाही, पान फाडायचं नाही. जमलं तर भिवा माळी. नाही जमलं तर आगाऊपणाबद्दल तुझंही नाव वहीत!"

अंताजीपंत मिशीतल्या मिशीत हसले. पण रोज तिथं झाडू मारताना सगुणानं एक गोष्ट पाहिली होती. दर पाडव्याला नवी वही निघायची, आणि त्याआधी महिनाभर सहा कारकून माना मोडून जुनी सगळी नावं तिच्यात उतरवून काढायचे.

"एकच मागणं आहे, महाराज," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "पंतांचा अकरा शिक्क्यांचा नियम फार चांगला. पण तो नाव काढायलाच का? माफीतल्या माणसाचं नाव कुठं लिहायचं झालं, तरी लिहिणाऱ्यानं अकरा शिक्क्यांचा अर्ज करावा!"

"वा वा! शिक्के जितके जास्त तितके बरे!" पंत खूश. महाराजांनी तिथल्या तिथं हुकूम दिला.

महिनाभरानं कारकुनांनी नव्या वहीसाठी बोरू उचलले. पहिलंच नाव निघालं माफीतलं.

"थांबा!" सगुणा दारातून ओरडली. "अर्ज?"

पंतांचा चेहरा खर्रकन उतरला. धावले कोतवालाकडे. कोतवाल म्हणाला, आधी पाटलाचा आणा. पाटील म्हणाला, आधी कोतवालाचा आणा. जुने शिपाई तर देवाघरी! पंतांच्या वहाणा झिजल्या, टाचा फुटल्या, पण एका नावाचेसुद्धा अकरा शिक्के काही पुरे झाले नाहीत.

पाडव्याला नवी वही दरबारात आली. ही एवढीशी!

"अरे, बाकीची नावं गेली कुठं?" महाराज ओरडले.

"गेली नाहीत, महाराज, आलीच नाहीत!" सगुणा म्हणाली. "ना अर्ज, ना रेघ, ना पान फाडलं!"

"पण जुन्या वहीत ती आहेतच की!"

"असू देत! माणूस चाकरीला ठेवताना तुम्ही वही उघडता कोणती?"

"नवी..." महाराज बोलून गेले, आणि मग असे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं. "भिवा आजपासून माळी! आणि दर पाडव्याला हाच नियम!" त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून सगुणापुढे धरलं.

पंतांना राहवलं नाही. "महाराज, बक्षिसासाठी रीतसर अर्ज..."

"हवाच!" महाराज म्हणाले. "बक्षीस द्यायचं नसेल, तर करा की तुम्ही अर्ज. अकरा शिक्क्यांचा!"