मागचा हूक

एकदा एक तरुण गाडी घ्यायला निघाला. गाडी जुनीच घ्यायची होती, पण रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी हवी होती. नदीच्या पात्रातून, वाळूतून, बर्फातून जाणारी. उत्तरेकडच्या ज्या उंच पठारांवर दिवसभरात एखादेच माणूस दिसते, तिथे महिनाभर हिंडण्याचा त्याचा संकल्प होता. कचेरीतली माणसे त्याला अर्धी झोपलेली वाटत, आणि तसे तो त्यांना तोंडावर सांगतही असे.

त्याच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत. शाळेत भूगोल शिकवताना प्रत्येक सुट्टीत त्यांनी जीप काढली होती आणि अर्धा देश पालथा घातला होता. आता गुडघे गेले होते, जीपही विकली होती. गाडी पारखायला त्यांनीच यावे, असा तरुणाचा हट्ट होता. तो त्यांचा जुना विद्यार्थी होता, आणि त्यांच्याशिवाय कोणाच्या मताला तो किंमत देत नसे.

"गाडी कशाला हवी आहे रे तुला?" गुरुजींनी विचारले.

"स्वतःला शोधायला, गुरुजी. माणूस खरा कसा आहे ते संकटात कळतं. इथे काय कळणार? सिग्नलला थांबायचं, हिरवा झाला की निघायचं."

गुरुजी हसले. "येतो मी. पण हल्ली गाडीत बसलं की माझा डोळा लागतो. काही बघण्यासारखं दिसलं तर उठव."

जुन्या गाड्यांचा व्यापारी घाटापलीकडे होता. तरुणाची छोटी पांढरी मोटार बदल्यात देऊन त्याच्याकडची गाडी घ्यायची, असे ठरले होते. निघायच्या आधीच व्यापाऱ्याचा फोन आला. दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, त्याआधी पोहोचाल तर गाडी तुमची. तरुणाने वाटेत चहासुद्धा घेतला नाही. घाट सुरू होण्याआधीच गुरुजींची मान छातीवर कलली होती.

घाटाच्या मध्यावर एक वळण आहे. तिथे रस्त्यात एक बाई उभी होती. दोन्ही हातांनी पिवळा टॉवेल हलवत होती. तिच्या मागे, डोंगराच्या बाजूच्या खोल चरात, बांबूंनी भरलेला एक टेम्पो कुशीवर पडलेला होता. तरुणाने हे सगळे पाहिले. त्याचा पाय ब्रेकवर गेलाही. पण ओसाड घाटात बाईला पुढे उभे करून गाड्या लुटतात, असे त्याने कुठल्याशा ग्रूपवर वाचले होते. फोनला रेंज नव्हती. दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार होते. आणि मागून गाड्या येतच असतात, कोणीतरी थांबेलच. इतके सगळे विचार एका वळणात मावले. त्याने काच वर केली आणि तिला वळसा घालून तो पुढे गेला. आरशात पिवळा टॉवेल थोडा वेळ दिसला, मग वळणाआड गेला.

गुरुजी झोपलेलेच होते. त्याने त्यांना उठवले नाही.

व्यापाऱ्याच्या आवारात तीन गाड्या उभ्या होत्या. पहिली काळीभोर, चकाकणारी. उंच चाके, टपावर दिव्यांची रांग, मागे शिडी, पुढे गाड्या ओढायचा, तारेचा दोर गुंडाळलेला विंच. दुसरी हिरवी, रुबाबदार. तिसरी मळकट मातीच्या रंगाची जीप. तिचे एक दार दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे होते, आणि पत्र्यावर इतके पोचे होते की सपाट जागा शोधावी लागली असती.

"या गुरुजी, या!" व्यापारी दोन्ही हात जोडून पुढे आला. "काळी बघा आधी. चालू करू? आवाज ऐकाल तर दुसरीकडे बघायचं नाही तुम्ही."

गुरुजींनी आवाज ऐकला नाही. ते काळ्या गाडीच्या मागे गेले, काठी टेकवून कष्टाने खाली बसले, आणि बंपरखालच्या ओढायच्या हुकाच्या आतल्या बाजूने त्यांनी बोट फिरवले. मग तसेच बसल्या बसल्या सरकत दुसऱ्या गाडीमागे गेले. मग तिसरीच्या.

व्यापाऱ्याला राहवले नाही. "गुरुजी, म्हैस घ्यायला आलात का? शेपटीकडून काय बघताय?"

"म्हैस घ्यायची असती तर तुलाच पुढे घातलं असतं," गुरुजी जमिनीवरूनच म्हणाले. "हात दे, उठव मला."

व्यापारी मोठ्याने हसला, पण त्याने हात दिला. धोतराची माती झटकत गुरुजींनी पोचे आलेल्या जीपवर काठी टेकवली. "ही घे. इंजिन, सांगाडा, गंज, सगळं नीट तपासून घे, ते तुला येतं. ठीक निघालं तर हीच घे."

तरुण नाराज झाला. "गुरुजी, हिचं दारसुद्धा हिचं नाही! नुसता हूक बघून कोणी गाडी घेतं का?"

"तूच बघ."

तो खाली वाकला. काळ्या गाडीचा मागचा हूक लालचुटुक होता, आतून बाहेरून सारखाच. पुढच्या विंचचा दोर कारखान्यात गुंडाळला होता तसाच होता. हिरव्या गाडीचा पुढचा हूक झिजलेला होता, मागचा कोरा होता. मातकट जीपच्या मागच्या हुकाच्या कमानीत मात्र रंगाचा कणही उरला नव्हता. आतले लोखंड दोरांनी घासून घासून आरशासारखे गुळगुळीत झाले होते.

"काळी गाडी कुठेच गेली नाही," गुरुजी म्हणाले. "शहरातल्या शहरात साहस केलं तिनं. हिरवी गाडी गेली, अडकली, आणि दुसऱ्यांनी पुढून दोर लावून तिला ओढून काढलं. पुढचा हूक झिजला तो त्यामुळे. पण तिनं कोणाला काढलं नाही, मागचा हूक बघ. आणि ही जीप. हिच्या मालकाला घाई नव्हती असं नाही. त्यालाही कुठेतरी पोहोचायचं असणार. तरी वाटेत कोणी अडकलेलं दिसलं की तो उतरला, दोर बांधला, ओढलं, आणि मग पुढे गेला. इतक्या वेळा की लोखंड झिजलं. ज्या मुलखात तू निघालायस तिथे दुसरी गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. तिथे समोरचा थांबेल, एवढ्या भरवशावरच माणूस घराबाहेर पडतो."

तरुण उकिडवाच बसून राहिला. त्याला तो गुळगुळीत हूक दिसत नव्हता. त्याला पिवळा टॉवेल दिसत होता.

"गुरुजी, आणि एखाद्याला थांबता आलं नाही तर?"

"थांबता आलं नाही, की थांबला नाही?"

तो उठला आणि काळ्या गाडीच्या आडोशाला गेला. इथे फोनला पूर्ण रेंज होती. आल्यापासून होती. मघाशी याच फोनवर त्याने काळ्या गाडीचे फोटो काढले होते. त्याने मदतीचा क्रमांक लावला, घाट सांगितला, वळण सांगितले.

"अपघात कधी बघितलात?" पलीकडून विचारणा झाली.

"सकाळी."

"आणि आत्ता कळवताय?"

त्याने वळणाची खूण पुन्हा सांगितली. "पाठवतो गाडी," पलीकडचा आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग त्याने घासाघीस केली नाही, की इंजिनही फार तपासले नाही. कागदांवर सह्या केल्या, पांढऱ्या मोटारीच्या किल्ल्या व्यापाऱ्याच्या हातात ठेवल्या आणि जीप चालू केली. "अहो, जेवून तरी जा, भाकरी टाकलीय!" असे व्यापारी ओरडत राहिला. सीटमागे एक जाड, काळवंडलेला दोर पडलेला होता, तो तसाच सोबत आला.

परतीच्या वाटेवर गुरुजी जागे होते. "ही गाडी अशी दामटायची नसते रे," ते एकदा म्हणाले. नंतर त्यांनी तरुणाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि समोरची दांडी घट्ट धरली.

वळण आले. टेम्पो तसाच पडलेला होता. बाई आता टॉवेल हलवत नव्हती. ती चराच्या कडेला बसली होती आणि टॉवेल टेम्पोच्या केबिनखाली काहीतरी झाकण्यासाठी अंथरलेला होता. झाकले होते ते पूर्ण झाकले गेले नव्हते.

जीप थांबताच ती उठून आली. "थांबलात," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "देव तुमचं भलं करो. तुम्ही तरी थांबलात."

गुरुजी काठी टेकत खाली उतरले. "कोण, बाई?"

"भाऊ माझा. केरबा. उडी मारायला गेला आणि टेम्पो अंगावर आला. ऊन चढेपर्यंत बोलत होता. पाणी मागत होता, मी पदर भिजवून तोंडात पिळत होते. म्हणत होता, आक्का, हातभर उचलला तरी निघतो बघ मी. हातभर." तिने हाताने अंतर दाखवले. "एक मोटरसायकलवाला थांबला. माणसं आणतो म्हणून गेलाय, अजून यायचाय. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. पहिल्यांदा एक पांढरी आली. तिनं वेग कमी केला, मला वाटलं आली. केरबाला ओरडून सांगितलं, आली रे गाडी. तर त्यानं काच वर केली."

पांढरी मोटार आता घाटापलीकडे व्यापाऱ्याच्या आवारात उभी होती. या बाईला ती कधी दिसणार नव्हती. तिच्यासमोर उभी होती ती झिजलेल्या हुकाची जीप, आणि त्या जीपमधून उतरलेला एक भला माणूस.

तरुणाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी त्याच्याकडेच पाहत होते. त्यांना कळून चुकले होते.

"माझ्या त्या छोट्या गाडीनं टेम्पो हललाच नसता, गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला.

"नसता हलला."

"मग?"

"घाट उतरला की रेंज येते. तुझी छोटी गाडी घाट उतरली होती." गुरुजींचा आवाज चढला नाही. "मी झोपलो होतो, ते माझ्याकडे. तू जागा होतास, ते तुझ्याकडे. हूक गाडीला लावलेला असतो, पण दोर माणसालाच उतरून बांधावा लागतो. स्वतःला शोधायला निघाला होतास ना? सकाळी याच वळणावर तुझी तुझ्याशीच गाठ पडली होती."

बाईला त्यांचे बोलणे ऐकू आले नव्हते. ती जीपच्या मागे जाऊन हुकाला हात लावून पाहत होती. तरुण तिच्याजवळ गेला. गप्प राहणे सोपे होते. तिला काही कळले नसते, आणि तिचा आशीर्वाद आयुष्यभर त्याच्यापाशी राहिला असता.

"आक्का," तो म्हणाला, "ती पांढरी गाडी माझी होती."

बाईने त्याच्याकडे पाहिले. तो वाट पाहत होता, की ती ओरडेल, छाती पिटेल, त्याच्या तोंडात मारेल. यातले काहीही झाले असते तर त्याला बरे वाटले असते.

तिने सीटमागचा दोर ओढून बाहेर काढला आणि त्याचे टोक त्याच्या हातात दिले.

"नीट बांध," ती म्हणाली. "आणि सावकाश ओढ. पोलीस यायचे तेव्हा येतील. माझ्या भावाला आणखी दाबून ठेवायचं नाही मला."

तो चरात उतरला. टॉवेलाखालून बाहेर आलेला हात त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने दोर टेम्पोला बांधला, दुसरे टोक हुकात अडकवले, आणि गाठ एकदा सोडून पुन्हा नीट बांधली. मग त्याने जीप सावकाश पुढे घेतली, दोर ताणला गेला, लोखंडावर घासला गेला. टेम्पो उचलला गेला. हातभरच. तेवढ्याने पुरले.

बाईने आणि गुरुजींनी केरबाला बाहेर घेतले. घाटाखालून रुग्णवाहिकेचा आवाज येऊ लागला होता.

उत्तरेकडच्या त्या पठारांवर तो तरुण पुढे गेला की नाही, ते मला माहीत नाही. जीप मात्र त्याने विकली नाही, आणि तिचा मागचा हूक अजून झिजतो आहे, एवढे ऐकून आहे. त्याचे नाव मी सांगितले नाही, आणि विचारूही नका. त्या सकाळी त्या घाटातून आणखीही गाड्या गेल्या होत्या, त्यांच्याही काचा वर होत्या.