आत्याबाईंची पर्स

लेकाचं लग्न जमलं तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन थाटात करीन, असं मी महालक्ष्मीला बोलले होते. त्या उद्यापनाला आमच्या वन्सं, निवृत्त हेडबाई, भरल्या घरात माझ्या नव्या सुनेला, ऋजुताला, म्हणाल्या, “इंग्रजी शाळेतली ना तू? मग ‘ग्रेशस’चा अर्थ सांग, उदाहरणासकट!”

पोरीची फजिती होणार म्हणून मी देवीकडे पाहिलं.

ऋजुतानं वन्संच्या शेजारच्या खुर्चीतली त्यांची पर्स उचलून अदबीनं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दाराशी गुडघा धरून उभ्या राहिलेल्या गोदाकाकूंना तिथं बसवलं.

“आत्याबाई, मायेनं मान देणं म्हणजे ग्रेशस. आणि माणसाला उभं ठेवून पर्सला खुर्ची देणं, त्याला काय म्हणतात ते तुम्ही सांगा!”

सगळ्यांत आधी वन्संच हसल्या.

बायांनो, तुमच्या उद्यापनालाही आधी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला बसवा हं.