खैराची थप्पी

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी भद्रवाटिका नावाच्या नगरात अरिंजय राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व एका वखारवाल्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुमंगल. वखार म्हणजे काही फार मोठी नव्हे. नदीकडेला एक आवार, एक बैलगाडा, कुऱ्हाडी, पाचरी आणि नवराबायकोचे कष्ट. रानातून ओंडके आणायचे, फोडायचे, थप्प्या लावून वाऱ्यावर वाळवायचे आणि वाळले की सरपण घरोघर पोचवायचे, असा त्यांचा धंदा.

सुमंगलाचा एक नेम होता. गाडा भरण्याआधी तो दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाही. खणखणीत वाजली तर गाड्यात, बद्द वाजली तर पुन्हा थप्पीला. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आले तरी तो हसून म्हणे, "ओलं लाकूड विकणं म्हणजे धूर विकणं. घाई असेल तर लाकडाला विचारा, मला नको." शेजारच्या वखारवाल्यांनी ओले सरपण विकून माड्या बांधल्या. सुमंगलाच्या घरावर गवताचे छप्पर होते ते गवताचेच राहिले.

पण ही कथा त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोची, चंपिकेची आहे.

त्यांना एकच मुलगा, सोमिल. तो डावखुरा होता. त्याच्या कुऱ्हाडीचा घाव उलट्या अंगाने तिरपा पडे, त्यामुळे ढिगातून त्याने फोडलेले लाकूड चंपिकेला चटकन ओळखता यायचे. दूरदेशी निघालेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर जायचे त्याच्या मनाने घेतले. निघण्यापूर्वी त्याने एक मोठा खैर एकट्याने फोडला आणि आवारातल्या उंच ओट्यावर त्याची थप्पी लावली.

"आई, खैर वाळायला दोन पावसाळे लागतात," तो म्हणाला. "हा वाळला की मी आलोच समज. याच लाकडावर मला खीर करून घाल."

खैर वाळला. मुलगा आला नाही.

पुढेही पावसाळे आले आणि गेले. तांड्यातली माणसे एकेक करून परतली; कोणी म्हणे सोमिल समुद्राकडे गेला, कोणी म्हणे वाटेत दुसऱ्या तांड्याला मिळाला. चंपिकेने त्या थप्पीतले एक लाकूडही चुलीत घातले नाही की विकू दिले नाही. थप्पी आहे तोवर मुलाचा शब्द आहे, असे तिच्या मनाने धरून ठेवले होते. सकाळी नदीवर जाताना ती थप्पीला हात लावी, येताना पुन्हा लावी. रस्त्यावर गाड्याच्या बैलांची घुंगरे वाजली की तिच्या हातातले काम थांबे. ती डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती, आणि हे साऱ्या आळीला ठाऊक होते.

पावसाचा थेंब लागू नये म्हणून तिने थप्पीवर गवत घातले. मग चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधल्या. मग त्या तट्ट्यांवर शेणमातीचे लिंपणही केले. आता, लाकडाची थप्पी वरून झाकायची असते आणि बाजूंनी वाऱ्याला मोकळी ठेवायची असते. कोंडली की आत दमट राहते आणि वाळवी लागते. आळीतल्या नव्या सुनांना हे शिकवणारी चंपिकाच. पण दुसऱ्याला सांगायचे शहाणपण आपल्या पोटच्या गोळ्यापाशी येऊन अडते. बोधिसत्त्व ते लिंपण पाही आणि आपल्या कामाला लागे.

एका वर्षी कार्तिक उलटला तरी पाऊस हटेना. नदी फुगली आणि आवारात शिरली. सुमंगलाच्या सगळ्या थप्प्या भिजल्या. नगरातल्या प्रत्येक वखारीची तीच गत झाली. चुली विझल्या, लोक भिजवलेले पोहे खाऊन दिवस काढू लागले. अख्ख्या भद्रवाटिकेत कोरडे सरपण उरले ते एकाच ठिकाणी, उंच ओट्यावर, लिंपणाच्या आत.

ही बातमी राजाच्या पाकशाळेच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो पालखीतून आला, चिखलात पाय न घालता आतूनच बोलला.

"वखारवाल्या, ती थप्पी दे. बदल्यात राजवाड्याचं सरपण पिढ्यान्‌पिढ्या तुझ्याच वखारीतून येईल."

चंपिका दाराआड उभी होती.

"स्वामी," बोधिसत्त्व म्हणाला, "आवारातली बाकी सगळी लाकडं माझी आहेत. या थप्पीची मालकीण आत आहे, आणि तिला मी विचारणार नाही."

"का बरं?"

"विचारलं तर ती माझ्यासाठी हो म्हणेल."

अधिकाऱ्याने नाक मुरडले आणि पालखी वळली. असे भाग्य दारातून परत गेले म्हणून आळीने सुमंगलाला वेड्यात काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळिका सुईण भिजत, धापा टाकत आवारात आली.

"सुमंगलदादा, विणकराची सून सातव्याच महिन्यात बाळंत झाली. पोरगी जिवंत आहे, पण अंग गार पडत चाललंय. शेगडी पेटवावी तर ओल्या लाकडाच्या धुराने तिचा श्वास कोंडतो. न पेटवावी तर थंडी नेते तिला. सुकं काही आहे का हो?"

"वखारीतलं सगळं भिजलंय, सुईणबाई," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने ओट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कुऱ्हाड उचलली, घरात गेला आणि माळ्यावर चढला. माळ्याच्या फळ्या तेवढ्या कोरड्या होत्या. त्या तो उचकटू लागला.

चंपिका खाली उभी राहून पाहत होती. एक फळी निघाली, दुसरी निघाली. डोक्यावरचे घर मोडत होते आणि तिचा नवरा तिला एका शब्दानेही काही मागत नव्हता. माळ्याच्या फळ्या अशा किती पुरणार होत्या? गार पडलेल्या पोरीला ऊब हवी होती ती रात्रंदिवस. कुठेतरी परमुलखात आपलाही मुलगा असाच भिजत असेल, आणि कोणाच्या तरी आवारात कोरडे लाकूड झाकून ठेवलेले असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला उभे राहवेना.

"खाली उतरा," ती म्हणाली. "घर मोडू नका. चला."

ओट्यावर जाऊन तिने स्वतःच्या हाताने लिंपण फोडले, पुढची तट्टी ओढली. समोरच्या लाकडाला हात घातला तो बोटे आत गेली. दुसरे उचलले, ते भुगा होऊन ओंजळीतून सांडले. वरून साल शाबूत, आत वाळवीची माती. इतकी वर्षे जिला येताजाता हात लावला ती थप्पी अशी निघाली. चंपिका तिथेच बसली.

"सगळं खाल्लं हो," ती रडत म्हणाली. "मीच कोंडून ठेवलं आणि मीच घालवलं."

बोधिसत्त्वाने तिला उठवले आणि थप्पीच्या मागे, कुंपणाच्या बाजूला नेले. तिथल्या तट्टीवरचे लिंपण कडेने उकललेले होते, आणि तट्टी नुसत्या सुंभाने बांधलेली होती. त्याने गाठ सोडली, आतून दोन लाकडे काढली आणि एकमेकांवर आपटली. खणखणीत वाजली. मागची निम्मी थप्पी तशीच होती.

"ही तट्टी कोणी सोडली?" चंपिकेने विचारले.

"मी. उघडीप असली आणि तू नदीवर गेलीस की सोडायचो. तू यायच्या आत बांधायचो. थोडा वारा लागायचा."

"मला बोलला का नाहीत?"

"तुला ठाऊक नव्हतं थोडंच?" तो म्हणाला. मग त्याने एका लाकडाच्या तिरप्या घावावरून अंगठा फिरवला. "आणि या बाजूनं त्याच्या हाताचे घाव दिसतात. मी ते बघायला यायचो."

त्याचे डोळे भरलेले चंपिकेने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. इतकी वर्षे आपण एकटीच वाट पाहतो आहोत असे ती समजत होती.

पहिली मोळी तिने गाड्यात घालू दिली नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून ती स्वतः विणकराच्या झोपडीत घेऊन गेली. खैर पेटला, धूर न करता पेटला, आणि त्याचे लालबुंद निखारे शेगडीत भरून बाळंतिणीच्या बाजेजवळ ठेवले. संध्याकाळपर्यंत पोरीने हातपाय हलवले, मग झाडले, मग चांगला टाहो फोडला. काळिका सुईण त्या रडण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

धूर नसलेला विस्तव आहे हे कळताच शेजारीण खापरी घेऊन आली. मग तिची शेजारीण आली. निखाऱ्याभोवती ओली लाकडे रचून वाळवायची आणि त्यांवर चूल पेटवायची, असे करत विस्तव एका घरातून दुसऱ्या घरात, एका आळीतून दुसऱ्या आळीत गेला. पाकशाळेचा एक आचारीही मुकाट्याने खापरी घेऊन आला, आणि त्यालाही कोणी नाही म्हटले नाही. पाऊस थांबेपर्यंत खैर संपला. चंपिकेची चूल मात्र त्या गडबडीत थंडच राहिली होती. शेवटी तीही खापरी घेऊन विणकराच्या दारी गेली.

"तुमचाच विस्तव तुम्ही कशाला मागता, माई?" विणकराची म्हातारी म्हणाली.

घरी येऊन तिने माळ्याच्या उचकटलेल्या फळीच्या जाळावर खीर केली. एक वाटी सोमिलासाठी झाकून ठेवली आणि ती उंबऱ्यावर जाऊन बसली. पाऊस उघडला होता. नगरातल्या घराघरांवर चुलीचा धूर दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "आता तो कोणाच्याही दारी आला, तरी आपल्याच विस्तवापाशी बसेल."

बोधिसत्त्वही तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

पुढे बुद्धपदाला पोचल्यावर शास्त्यांनी ही कथा एका उपासिकेला सांगितली. तिचा एकुलता मुलगा भिक्षू होऊन दूर देशी गेला होता, आणि विहाराच्या दारात कोणी नवा भिक्षू दिसला की ती धावत येऊन त्याचे तोंड पाही. कथा संपल्यावर तिने एवढेच विचारले, "भगवन्, सोमिल परत आला का?"

"त्या जन्मी नाही, उपासिके," शास्ते म्हणाले. "या जन्मी आला. तुझ्याच पोटी आला."

"आणि पुन्हा गेला," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मग शास्त्यांनी कथेची गाठ जोडून दिली: "तेव्हाची ती गार पडलेली पोर म्हणजे आज तुझ्या मुलाला परदेशात भिक्षा घालणारी कोष्टीण. काळिका म्हणजे तुझी शेजारीण, जी तुला हाताला धरून इथे घेऊन आली. चंपिका तू होतीस, आणि सुमंगल वखारवाला मी होतो." दुसऱ्याच्या मायेवर घाव न घालता, मागच्या बाजूने तिला वारा लागू देणे आणि थांबणे, ही बोधिसत्त्वाची त्या जन्मीची क्षांती, म्हणजे सोशिक धीर, होय.