सगुणाबाईंचं तळं आणि शेपट्यांची सभा

बोरमाळाच्या जंगलात सगळं जिथल्या तिथे होतं. राजा वाघ होता, तो झोपलेला असायचा. प्रजा जागी होती, तिला कुणी विचारत नसे. आणि जंगलाच्या मधोमध एक तळं होतं, त्यात सगुणाबाई नावाची बेडकी राहायची.

सगुणाबाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या साली तिची अंडी झाडून सगळी फुटली होती आणि तळं काळ्याभोर, शेपटीवाल्या पिल्लांनी नुसतं वळवळत होतं. बाई काठच्या दगडावर बसून बघत राहायची. एवढी पोरं, आणि सगळी आपली, या विचाराने तिचा गळा फुगून यायचा.

अशात ‘मुसंडे आणि मंडळी’ या नामांकित कंपनीने महाराजांच्या गुहेपर्यंत रस्ता करायचं काम घेतलं. कंपनी रानडुकरांची. खणण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. खरं तर नाक म्हणायला हवं. रस्त्यापायी त्यांनी अख्खी टेकडी उकरली. आता एवढी माती टाकायची कुठे, हा प्रश्न पडला. त्यात गुहेतून हुकूम सुटला की टेकडी गेल्याची ओरड नको, पर्यावरणाचं काहीतरी करून दाखवा.

तसं वृक्षारोपण झालंच होतं. कंपनीच्या झाडून साऱ्या अभियंत्यांनी सकाळी गळ्यात हार घालून सुरणाचे कंद लावले, टाळ्या घेतल्या आणि संध्याकाळी भूक लागली तेव्हा तेच उकरून खाल्ले. अहवालात ‘लागवडीपासून काढणीपर्यंत संपूर्ण लोकसहभाग’ असं आलं. पण महाराजांना याहून मोठं काही हवं होतं. तेव्हा मुसंडेसाहेबांनी माती आणि पर्यावरण, दोन्ही प्रश्न एकाच तळ्यात घालायचं ठरवलं. तळं बुजवायचं, वर हिरवळ लावायची आणि मधोमध पाण्याचं महत्त्व सांगणारा दगड बसवायचा. नाव ठरलं जलसंवर्धन उद्यान.

आता एवढं मोठं काम जनतेला विचारल्याशिवाय कसं करायचं? सभा बोलावली गेली. पर्यावरणमंत्री तरस अध्यक्षस्थानी बसले. तरसाला कशाचंही हसू येतं, म्हणून ते खातं त्यांच्याकडे होतं.

बोरमाळात सभेची एक जुनी रीत आहे. महाराजांच्या आजोबांची झोप मोडायला लागली तेव्हापासून प्रजेने सभेत तोंड उघडायचं नाही. मंजूर असेल त्याने शेपूट हलवायची, हरकत असेल त्याने ताठ धरायची. बोलायचं ते मंचावरच्यांनी.

“बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्यांना आम्ही अजून हलवलेलं नाही अशा सर्वांनो,” मुसंडेसाहेबांनी सुरुवात केली. “तळं म्हणजे काय? एक मोठा खड्डा. आणि बोरमाळ खड्डेमुक्त करू, हा आमचा शब्द आहे. पाणी काय, आज आहे, उद्या आटेल. दगडावर कोरलेलं पाणी मात्र नातवंडांनासुद्धा पुरेल.”

मग कंपनीतर्फे अल्पोपहार झाला. पिकून फुटलेले फणस होते. त्यांच्यावर माशा आल्या, आणि फणस संपल्यावर त्या जनतेवर बसल्या. सगळ्यांत अडेल गवा. टेकडीबरोबर त्याचं कुरण गेलेलं, तो शेपूट काठीसारखी ताठ धरून उभा होता. त्याने बराच वेळ सोसलं, कातडी थरथरवली, डोळे मिटले, आणि अखेर एकदाची शेपूट सपकन मारली.

“गवेसाहेबांचा पाठिंबा,” तरसमंत्र्यांनी पुकारलं आणि पोट धरून हसले. हरणं, सांबरं, माकडं, बघावं तिकडे शेपट्याच शेपट्या उडत होत्या. लोकशाहीचा असा उत्साह बोरमाळाने कधी पाहिला नव्हता.

सगुणाबाईला राहवेना. रीत गेली खड्ड्यात, असं म्हणून ती मंचासमोरच्या एका दगडावर चढली.

“माझी हरकत आहे,” ती म्हणाली.

“अहो बाई, नुसतं तोंडाने काय होतंय? शेपूट दाखवा,” मंत्री म्हणाले.

“मला नाही शेपूट.”

“मग हरकत नोंदवू कुठे? तुम्हाला तटस्थ धरतो.”

बाईचा संताप संताप झाला. आणि संतापात माणूस बोलू नये ते बोलतं, तशी बेडकीही बोलते. “मला नसेना,” ती म्हणाली, “आमच्यात ती लहानपणी असते. माझ्या पोरांना विचारा. घर त्यांचं जाणार आहे.”

मुसंडेसाहेबांनी कान टवकारले. “वा, बाई. नव्या पिढीला विचारायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं.”

झालं. अख्खी सभा उठून तळ्याकाठी आली. मुसंडेसाहेब पाण्यावर वाकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “बाळांनो, हे तळं बुजवायचं आहे. तुमची संमती आहे ना?”

बेडकाच्या पिल्लाला पोहायचं तर शेपूट हलवावीच लागते. तळंभर शेपट्या सळसळत होत्या. सगुणाबाई जिवाच्या आकांताने म्हणाली, “अरे, थांबा रे, हलवू नका.” पोरांना शब्द कळले नाहीत. आईचा आवाज तेवढा कळला, आणि त्या आनंदात त्यांनी दुप्पट हलवली.

“प्रचंड बहुमत,” मंत्री म्हणाले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तळ्याऐवजी तेही चाललं असतं. त्याच दिवशी ‘भावी पिढीने मागितलेलं उद्यान’ असा फलक लागला. बाई दगडावर बसून राहिली. आपल्याच तोंडाने आपण पोरांचं घर घालवलं, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

पोरं मात्र वाचली, ती सरकारी कामामुळे. भूमिपूजनाला महाराज हवे होते आणि महाराज उठेनात. ते उठले तर उद्घाटनाची वेलाची फीत सशांनी खाल्लेली. नवी आणली तर महाराज पुन्हा झोपलेले. तेवढ्यात पिल्लांना पाय फुटले, शेपट्या झडल्या, आणि पहिली माती पडली तेव्हा सगळी टुणटुण उड्या मारत काठावर आली होती.

आता त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी मंत्र्यांपुढे जाऊन असा काही डरावचा गजर केला की महाराजांनी झोपेत कूस बदलली. “आमचं तळं परत द्या,” सगळी म्हणत होती. सगुणाबाई सर्वांत पुढे होती, गळा फुगवून.

तरसमंत्र्यांनी त्यांना मागूनपुढून नीट पाहिलं. “आवाज छान आहे,” ते म्हणाले, “पण शेपट्या कुठायत?” आणि सगळ्यांना तटस्थ धरलं.

मुसंडे आणि मंडळी यांचा लोकसहभागाबद्दल गौरव झाला. शेजारच्या रानातली कामंही त्यांनाच मिळाली आहेत. पद्धत आता पक्की बसली आहे: अंडी फुटेपर्यंत थांबायचं, आणि पाय फुटायच्या आत सभा घ्यायची.