वरचा घोट

खाडीवरच्या पुलाच्या खांबासाठी तीस मीटर खोल बोअर घेऊन झाला होता. त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून तो पॉलिमरच्या द्रावणाने काठोकाठ भरला होता आणि ते द्रावण सांभाळायचं काम जनू मिठबावकरचं होतं.

कामावरचे मुख्य इंजिनिअर देवस्थळी साहेब यांची हयात, पूर्वी अशा बोअरात भरत त्या बेंटोनाइट मातीच्या चिखलात गेलेली. तो चिखल खोदताना सुटलेली रेती धरून ठेवतो, त्यामुळे वरचा नमुना पाहिला तरी अंदाज येतो. साहेबांनी सवयीने वरूनच बाटली भरली, उन्हात धरली आणि फर्मावलं, "आरशासारखं स्वच्छ! ओता काँक्रीट."

"साहेब, पॉलिमरात रेती तरंगत नाही, खाली बसते," जनू म्हणाला. "तळाचा नमुना घेऊ या. रेतीवर खांब टेकला तर पूल खचेल."

"तू मला शिकवणार? वीस पूल बांधलेत मी! पुन्हा बोललास तर उद्यापासून येऊ नकोस. जा, सरबत आण, घसा सुकलाय."

जनूने काचेच्या पेल्यात लिंबू पिळलं, पाणी ओतलं, चार चमचे साखर सोडली आणि न ढवळताच पेला पुढे केला. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलास की काय?"

"चार चमचे घातलीये, साहेब," जनू अदबीने म्हणाला. "तुम्ही नमुना वरून घेतलात."

साहेबांनी पेला डोळ्यांसमोर धरला. तळाशी साखर रेतीसारखी बसली होती. मग ते हसू दाबत म्हणाले, "काँक्रीटच्या गाड्या थांबवा. मिठबावकर, तळाला बाटली सोडा."

बाटली वर आली ती अर्धी रेतीने भरून.