करपलेली भाकरी आणि पानपरी

टेकडीच्या पायथ्याशी, लालभडक फुलांच्या पांगाऱ्याखाली एक इवलंसं घर होतं. भिंती निळ्या, कौलं जुनी, दारात तुळस. त्या घराची खिडकी आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोरासमोर. मुद्दाम कोण बघतंय, पण डोळे उघडे असले की दिसतंच ना.

त्या घरात कुंदा नावाची गोड मुलगी राहायची. तिचे बाबा बागेत माळीकाम करायचे. घरात सगळं बेताचंच, पण कुंदाच्या आईला, यमुनाला, वाचायचं भारी वेड. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून भाकरी करायची आणि रोज एक तरी भाकरी करपायची. बाबा ती हातात घेऊन विचारायचे, "ही कुठल्या गोष्टीत करपली गं?"

"राजकन्या पळून चालली होती. तिला सोडून तुमच्या भाकरीकडे बघू होय?" यमुना म्हणायची, आणि त्यांचं हसू आमच्या घरापर्यंत यायचं.

मग यमुनाला कॅन्सर झाला. लांबच्या दवाखान्यात खेपा झाल्या, केस गळले, चेहरा पिकल्या पानासारखा पिवळा पडला. पण औषधांना गुण आला. डॉक्टर म्हणाले, "आजार गेला. आता फक्त अधूनमधून तपासायला या." यमुनाच्या डोक्यावर पाखराच्या पिल्लासारखी मऊमऊ लव आली. भाकऱ्याही पुन्हा होऊ लागल्या, चंद्रासारख्या गोल आणि पांढऱ्याशुभ्र. त्यातली एकही करपेना.

करपणार कशी? यमुना वाचतच नव्हती. तिला सांभाळायला आलेल्या सोनाआत्याने सगळी पुस्तकं माळ्यावर टाकली होती. "वाचून डोकं शिणतं. तू आपली आराम कर," असं आत्या म्हणायची, बाबा म्हणायचे, कुंदाही म्हणायची. आणि यमुना खिडकीशी बसून राहायची. डोळे बाहेर, मन कुठेच नाही.

"आई, तू बरी झालीस ना?" कुंदा विचारायची.

"झाले की गं," आई म्हणायची. पण ती करपलेल्या भाकरीची आई काही परत आली नव्हती.

एका दुपारी कुंदा बाबांचा डबा घेऊन बागेत निघाली. पिवळ्या शेवंतीच्या वाफ्यापाशी तिच्या पायाला काहीतरी लागलं. बघते तर पुस्तकाचं एक फाटकं, चिखलाने माखलेलं पान. कागदाला पाय लागला म्हणून कुंदाने पटकन वाकून नमस्कार केला. मग पान उचललं, फ्रॉकला पुसलं आणि उन्हात हळूच सरळ केलं.

तशी त्या पानातून निळीहिरवी ठिणगी उडाली. ठिणगीची झाली चिमुकली परी. मोरपंखी झगा, डोईवर दवाच्या थेंबांचा मुकुट, आणि पंख कागदाचे, पातळ, अक्षरांनी भरलेले. एक पंख जरासा फाटलेला.

"मी पानपरी," ती म्हणाली. "सकाळपासून सगळे मला तुडवून गेले. नमस्कार करणारी तू एकटी. माग काय हवं ते. पण इच्छा एकच."

कुंदा लगेच म्हणाली, "आईचा आजार पुन्हा कधी कधी येऊ नये."

परीने मान हलवली. "उद्यावर माझी सत्ता नाही, राणी. मला आजचंच देता येतं."

कुंदाने थोडा विचार केला. "मग आईला पुन्हा वाचायची मजा येऊ दे."

परीने तिच्या तळहातावर इवलंसं मोरपीस ठेवलं. "हे तिच्या पुस्तकात ठेव. पण दोन नियम. वाच वाच म्हणून तिच्या मागे लागायचं नाही. आणि तिने मिटलेलं पुस्तक तिच्याआधी उघडायचं नाही, कितीही राहवेनासं झालं तरी. उघडलंस तर हे साधं पीस होऊन जाईल."

कुंदाने माळ्यावरून एक जाडजूड, पुठ्ठा निघालेलं पुस्तक काढलं, पीस घालून आईच्या उशाशी ठेवलं आणि गप्प बसली. संध्याकाळी आईने ते सहज उघडलं आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. राजाचा पांढराशुभ्र हत्ती कोरड्या विहिरीत पडला. सैनिक थकले, पहिलवान थकले. शेवटी गावातली सगळ्यात बुटकी म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, मी काढते.

"अक्षरं नाचतात गं," आई म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटलं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. हत्ती आपला विहिरीतच. कुंदाचा जीव टांगणीला लागला, पण तिने पुस्तकाला हात लावला नाही.

गंमत म्हणजे सोनाआत्यालाच राहवेना. ओट्यावर शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "कुंदे, हळूच बघ की त्या हत्तीचं काय झालं."

मी तिथेच होते. मीही म्हटलं, "एक पान उलटलं तर काय होतंय?"

"नको काकू. आई वाचेल."

"ती कुठली वाचतेय?" आत्या म्हणाली. "मग टाकते पुन्हा माळ्यावर."

कुंदाचे डोळे भरून आले. ती मान खाली घालून शेंगा निवडू लागली. आत यमुना हे सगळं ऐकत होती. ती उठली, उशाशी गेली आणि पुस्तक घेऊन चुलीपाशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने वास आला. धूर आला. आम्ही दोघी धावत आत गेलो. तव्यावर भाकरी काळी ठिक्कर पडलेली, पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवलेलं आणि यमुनाचे डोळे पानात बुडालेले.

"अगं, करपलं," आत्या ओरडली.

यमुनाने एक बोट वर केलं. "थांबा वन्सं. म्हातारीने सगळ्या गावाला घागरी आणायला लावल्यात. विहिरीत पाणी ओततायत. हत्ती तरंगायला लागलाय."

आणि ती हसली. जुनं हसू, आमच्या खिडकीपर्यंत येणारं. एवढी रागीट आत्या, पण तीही फतकल मारून ऐकायला बसली.

त्या दुपारी बाबा घरीच जेवायला आले. ताटातली काळी भाकरी त्यांनी हातात घेतली.

"ही कुठल्या गोष्टीत करपली?" त्यांनी विचारलं. आवाज जरा ओला होता.

"हत्तीच्या," यमुना म्हणाली.

त्यांनी ती भाकरी पूर्ण खाल्ली. कुणाला तुकडासुद्धा दिला नाही.

तेवढ्यात पुस्तकातलं मोरपीस लखलखलं. पानपरी वर आली. तिचा फाटका पंख सांधला गेला होता आणि त्यावर नवी, सोनेरी अक्षरं उमटली होती. कुंदाकडे बघून तिने नमस्कार केला, तसाच, वाकून. मग निळ्या, हिरव्या, सोनेरी उजेडाचा एक लोट खिडकीतून पांगाऱ्यावर गेला आणि विरून गेला. मला वाटलं ऊन चमकलं असेल. कुंदाने नंतर खरं सांगितलं.

आता त्या घरातून वास आला की मी धावत नाही. आपल्या चुलीपाशी बसून म्हणते, चला, यमुनाची गोष्ट रंगात आली. तशीच तुमच्याही घरात गोष्ट रंगात येवो, आणि एखादी भाकरी करपली तर करपू दे.