काळासुर आणि काजवा

शके सतराशे नव्वद, मार्गशीर्ष महिना. भाताची झोडणी उरकली होती आणि पहाटे पांघरूण सोडवत नव्हतं. पानखोल गावात त्या साली धाकोजी नावाचा एक चितारी राहत होता. तो खेळाची पानं रंगवी.

पानखोलात मायापट नावाचा खेळ चाले. तळहातात मावतील एवढी गोल पानं. त्यांवर राक्षस, यक्ष, नाग, उडते हत्ती. ज्याची त्याची वीस पानांची जूड. कुणाचं पान आवडलं की आपलं देऊन ते घ्यायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकेक पान टाकायचं. जबर पान हलक्याला खाई आणि मग तेही बाजूला होई. वीस डावांत ज्यानं जास्त खाल्ली तो जिंकला. काही पानांना अंगचा एखादा गुण असे. तो गुण चितारी ठरवी. खरी गंमत त्यातच होती.

दरवर्षी जत्रेत नवी पानं तपासली जात. रीत अशी होती, की आपलं नवं पान आपण हातात धरायचं नाही. ते समोरच्याला द्यायचं आणि आपण त्याच्याविरुद्ध खेळायचं. म्हातारे म्हणत, “आपल्या पोराचा रट्टा आपल्या पाठीत बसला, की पोर कसं निपजलं ते कळतं.”

पसंत पडलेलं पान वर्षभर गावोगाव जाई. त्याच्याबरोबर चिताऱ्याचं नाव जाई. तीस वर्षं ते नाव धाकोजीचं होतं. मागची तीन वर्षं ते लखमचं होतं.

लखम त्याचा शेजारी. वयानं निम्मा. दोघांच्या अंगणांमध्ये एक कुंपण तेवढं होतं. धाकोजी ओसरीवर कुंचला घेऊन बसे आणि डोळे कुंपणापलीकडे ठेवी. पोरं लखमच्या दारात येत. धाकोजीची जुनी तीन पानं देत आणि लखमचं एक घेऊन उड्या मारत जात. तीनास एक! लखमनं हाच भाव लावला होता. धाकोजीला वाटे, माझी पानं तो मडक्यांवर झाकायला घेत असेल.

“रंग सुकला कुंचल्यावर,” त्याची बायको आवडी म्हणे. “तुम्ही रंगवता का पोरं मोजता?”

तिची आणखी एक भुणभुण होती. पावसाळ्यात धाकोजीचा हिंगूळ, म्हणजे लाल रंग, ओल लागून वाया गेला, तेव्हा तिनंच लखमकडून करवंटीभर उसना आणला होता.

“पोळ्यापासून त्याची करवंटी घरात आहे. परत करा.”

“करीन.”

“कधी?”

“त्याचं पान हरेल तेव्हा.”

जत्रेला आठ दिवस राहिले. लखमनं कुंपणावरून हाक मारली. त्याच्या हातात सुपलीवर वाळत घातलेलं एक पान होतं. काळ्या रंगावर एक पिवळा ठिपका.

“काका, बघा तरी. काजवा काढलाय. जोर म्हणाल तर काही नाही. कुणीही खावा. पण जो खाईल त्याच्या पोटात उजेड पडतो. त्यानं हातातली सगळी पानं समोरच्याला उघडी करून दाखवायची. कसं आहे?”

धाकोजीनं पान निरखून पाहिलं. पान उत्तम होतं. तीस वर्षांत त्याला असं सुचलं नव्हतं.

“आता किडे रंगवायला लागलास होय!” तो म्हणाला आणि घरात गेला.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नवं पान घोटायला घेतलं. चिंचोक्याच्या खळीवर खडू चढवला, खारीच्या केसांचा बारीक कुंचला काढला आणि एक असुर रंगवला. त्याला धड नव्हतं, हात नव्हते, पाय नव्हते. नुसतं तोंड होतं. तोंड लालभडक हवं होतं. त्यासाठी लखमचा हिंगूळ सगळा लागला. करवंटी रिकामी झाली.

आवडीनं पान पाहिलं. “हा कोण?”

“काळासुर. हा सगळ्यांच्या आधी उतरतो. येईल त्याला खातो. त्याला कुणी खात नाही. खाऊन बाजूलाही होत नाही, तिथंच बसतो.”

“मग बाकीची पानं कशाला रंगवायची?”

“तुला यातलं कळत नाही.”

“नसेल कळत,” आवडी म्हणाली. “पण असा पाहुणा मी पंगतीला बसवणार नाही.”

आपलं पान समोरच्याच्या हाती जाणार, हे धाकोजी विसरला नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता. मी हरलो तरी माझं पान जिंकेल. लखमच्या काजव्याला ते माझ्यादेखत खाईल. गाव नाव घेईल ते माझं.

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या पिंपळाखाली घोंगडी अंथरली. गणबा गुरव हा सगळ्यांत जुना खेळाडू. तो निवाड्याला बसला. त्या साली नवी पानं दोनच होती. काळासुर लखमच्या हाती गेला, काजवा धाकोजीच्या. दोघांनी आपापल्या जुडीतली एकोणीस पानं त्याला जोडली. बघणाऱ्यांची ही गर्दी!

काळासुर उतरला. त्यानं धाकोजीचा नाग खाल्ला. लोकांनी हाळी दिली. त्यानं यक्ष खाल्ला. परत हाळी झाली. त्यानं मगर खाल्ली, वेताळ खाल्ला, गरुड खाल्ला. सहाव्या पानाला कुणी ओरडलं नाही. आठव्याला मागची रांग उठून खाज्याच्या दुकानाकडे गेली. बाराव्याला एक म्हातारा बसल्याजागी घोरू लागला.

लखमला करण्यासारखं काही नव्हतं. त्याची एकोणीस पानं त्याच्या हातात तशीच होती. धाकोजी पान टाकी, काळासुर ते खाई. काजवा धाकोजीनं मुद्दाम शेवटाला ठेवला होता. मान वर केली तेव्हा पिंपळाखाली गणबा आणि तो घोरणारा म्हातारा, एवढेच उरले होते.

त्यानं काजवा टाकला. काळासुरानं तोही खाल्ला.

“झालं!” धाकोजी म्हणाला. “खाल्ला की नाही?”

“खाल्ला,” गणबा म्हणाला. “पण काजव्याचा गुण राहिला. लखम, हात उघड.”

लखम घुटमळला. “राहू दे, गणबाकाका. डाव तर संपला.”

“रीत ती रीत. उघड.”

लखमनं एकेक पान घोंगडीवर मांडलं. दोन सोंडांचा हत्ती. शेपटीचा दिवा केलेला वेताळ. समुद्र पिणारा राक्षस. पानांच्या कडा झिजल्या होत्या, पण वर नवी लाख चढवलेली होती. एकोणीसच्या एकोणीस पानं धाकोजीच्या हातची होती. दोन सोंडांचा हत्ती त्यानं लग्नाच्या साली काढला होता. तो कुठं गेला हे त्याला माहीत नव्हतं.

“ही तुझ्याकडे?” धाकोजीनं हत्ती उचलला.

“पोरांकडून जमवली. तीनास एक दिलं,” लखम खाली बघत म्हणाला. “तुमच्या दारात मागायला आलो असतो तर हाकललं असतंत. यांच्याशी खेळूनच माझा हात बसला, काका. आज तुमच्यासमोर ती खेळायची होती. एकही खेळता आलं नाही.”

धाकोजी पानांकडे बघत राहिला. तीस वर्षांची पानं होती. गावासमोर मांडायची वेळ आली होती, आणि त्याच्याच असुरानं एकालाही बाहेर येऊ दिलं नव्हतं.

गणबानं काळासुर उचलला. “रंग चोख आहे, धाकोजी. पान जबर आहे. पण याच्यापुढे खेळ उरत नाही. तूच सांग, कुठलं पान ठेवू?”

धाकोजीनं काजवा पुढे ओढला. मग त्यानं पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हे,” तो म्हणाला.

काळासुर त्यानं परत मागून घेतला. घरी जाऊन तो चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून हिंगुळाचा खडा आणला आणि दुपारपर्यंत स्वतः खलला. करवंटी काठोकाठ भरली. कुंपणापाशी थांबला नाही. वळसा घालून लखमच्या दारात गेला आणि करवंटी उंबऱ्यावर ठेवली.

“उसना नेला होता,” तो म्हणाला.

“पोचला,” लखम म्हणाला.

तात्पर्य: मत्सर दुसऱ्यासाठी पाळला, तरी घास आपल्याच घरचा घेतो.